न ओढायचे पाइप

महागडी वस्तू आणि तिचे चार भक्त एका खोलीत आले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. विमा कंपनीने माझी बदली जयपूरला केली आणि वैशाली नगरमध्ये शेजारी मिळाले जोगळेकर. मूळचे सांगलीचे, बँकेतून रिटायर झालेले. छंद एकच, तंबाखूचे पाइप जमवणं. दर रविवारी त्यांच्याकडे पाइपवाल्यांची बैठक भरते. मी जातो शैलावहिनींच्या पोह्यांसाठी!

*

पहिल्याच रविवारी जोगळेकरांनी मखमली डबीतून एक इटालियन पाइप काढला. त्या किमतीत माझी स्कूटर आली असती!

"ओढायला कसा आहे हो?" मी विचारलं.

जोगळेकर दचकलेच. "ओढायला? वेडे आहात का! एकदा पेटवला की किंमत निम्मी!"

मग पाइप अलगद डबीत निजवला आणि बाल्कनीत जाऊन साधी सिगरेट पेटवली.

*

बैठकीतले दुसरे महारथी शेखावतजी. सीतापुऱ्यात त्यांचा कपड्यांचा कारखाना आहे. "महंगे पाइप का धुआँ ही अलग होता है, साहब!" हे त्यांचं पालुपद.

एकदा मी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. एक त्यांचा पाइप, एक मी फुटपाथवरून आणलेला. तंबाखू दोन्हींत तोच. दोन्ही पाइप मीच त्यांच्या तोंडाशी धरले. दुसऱ्याच्या पहिल्याच झुरक्याला शेखावतजी डोलायला लागले. "वाह! ये हुआ ना मेरा वाला!"

टॉवेल सोडला. समोर फुटपाथवाला!

शेखावतजींनी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मतलब... आज तंबाकू ही ख़राब है।"

*

जोगळेकरांकडे मीरशॉम नावाच्या पांढऱ्या दगडाचा एक पाइप होता. हा मात्र ओढायचाच असतो म्हणे. धुराने तो हळूहळू मधासारखा पिवळा होतो आणि त्या रंगालाच भाव! जोगळेकरांनी कित्येक वर्षं खोकत खोकत तो रंग चढवला होता.

दिवाळीच्या साफसफाईत तो वहिनींच्या हाती लागला. त्यांनी तारेच्या घासणीने घासून पांढराशुभ्र केला!

"किती कळकट झाला होता हो," त्या मला कौतुकाने दाखवत होत्या. जोगळेकर आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

*

आणि गेल्या हिवाळ्यातला हा. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जोगळेकरांनी जड मनाने सांगितलं, "संग्रहातला सगळ्यात भारी डॅनिश पाइप विकायला काढतोय. घरातल्याच माणसाकडे जावा."

या पाइपसाठी शेखावतजी दर रविवारी "जो माँगोगे, दूँगा" म्हणायचे. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला, डोळे मिटले.

"जोगळेकरजी, ऐसी चीज़ की कोई क़ीमत लगा सकता है क्या? ये तो अनमोल है! पैसे की बात करके इसका अपमान मत कीजिए।"

बाकीच्यांनीही गंभीरपणे माना डोलावल्या. जोगळेकरांचा चेहरा पडला. वहिनींचं ऑपरेशन पुढे मुदत ठेव मोडून झालं. पण त्या सकाळी वहिनी कोपऱ्यात पाय लांब करून बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

"अनमोल है ना, भाईसाहब?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तो फिर ऐसे ही ले जाइए!"



शेखावतजींनी हात जोडले. "भाभीजी का हुकुम सिर आँखों पर!"

आणि पाइप डबीसकट खिशात घातला.