रामाच्या काळातला नसलेला मठ

"म्हणजे हा मठ रामाच्या काळातला नाही?" महंतांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"नाही महाराज. मागचा भाग यादवकाळातला वाटतो. पुढचा सभामंडप बराच नंतरचा, पेशवाईतला."

मी जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. पंचवटीतल्या या मठाची मागची भिंत फुगली होती. धोकादायक इमारत म्हणून नोटीस आली होती. पाडून आरसीसी हॉल बांधू, कुंभात साधूंची सोय होईल, असं बहुतेक विश्वस्तांचं मत. महंतांना ते नको होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

दुखणं लवकर सापडलं. कधीतरी कोणीतरी मजबुतीसाठी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. दगडी भिंतीत ओल शिरते, तशी बाहेरही पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली. गिलावा उतरवल्यावर घडीव दगड दिसले, एकावर एक बसवलेले, मध्ये चुना नाही. आत साधूंच्या बुटक्या खोल्या. ही हेमाडपंती बांधणीच काळ सांगते.

इमारत हेरिटेज यादीत गेली तर वाचणार होती. त्यासाठी रिपोर्टमध्ये वय लिहावं लागणार. महंतांच्या बाजूचे एकमेव विश्वस्त भामरेकाका म्हणाले, रामकालीन लिहून टाका, कोण तपासतंय. मी सांगितलं, पहिल्याच पाहणीत रिपोर्ट परत येईल आणि मग भिंतही जाईल.

महंत हळू आवाजात म्हणाले, "मठ रामकालीन आहे, हेच माझ्या गुरूंनी मला सांगितलं. मी लोकांना तेच सांगत आलो. आता काय सांगू?"

त्यांनी रिपोर्ट थांबवायला सांगितला. मी थांबवला.

एकादशीला त्यांचा फोन आला, संध्याकाळी या म्हणून. आरती झाल्यावर ते सभामंडपात उभे राहिले. म्हणाले, "हा मठ रामाच्या काळातला नाही. रामाचं नाव घेणाऱ्या माणसांनी तो नंतर बांधला. मी सांगायचो ते चूक होतं."

एका आजोबांनी विचारलं, हे कोण म्हणतं? मी पुढे होणार होते. महंतांनी हातानेच थांबवलं.

"मी म्हणतोय."

काही लोक प्रसाद न घेताच गेले. महंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाठवा आता."

मठ यादीत आला. भिंत आता सुकली आहे. आरतीची गर्दी मात्र पूर्वीइतकी नाही, हे महंत स्वतःच सांगतात.

इमारतीचं वय ठरवणं माझं काम. ते चारचौघांत सांगायची वेळ तिथे राहणाऱ्यावर येते. म्हणून हल्ली रिपोर्ट पाठवण्याआधी मी त्या माणसाजवळ जरा वेळ बसते.