डोंबिवलीत अडकलेली हजार जहाजं

आमच्या मामेसासऱ्यांइतका ग्रीक राजा ॲगमेम्नॉनच्या जवळचा माणूस खुद्द ग्रीसमध्येही झाला नसेल. डोंबिवलीत तर नाहीच नाही. बँकेतून निवृत्त झालेले आमचे हे मामा त्या पुराणातल्या राजाला ‘ॲगमेम्नॉनराव’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ कोपरीला राहतात आणि मामांच्या चुलत घराण्यातले आहेत. कळव्याच्या एका लग्नात त्यांनी भटजींना गाठून, रावांच्या भावाची बायको ट्रॉयच्या राजपुत्राने कशी पळवली, हे इतक्या तळमळीने सांगितलं की भटजी मंगलाष्टकं संपेपर्यंत नवऱ्या मुलाकडे संशयाने बघत होते. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला, तरी यांची सैन्याची जमवाजमव चालूच. डॉक्टर ऐकत बसले आणि दाढ राहून गेली.

गंमत म्हणजे ते युद्ध आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. हजार जहाजं बंदरात जमायची, वारा पडायचा आणि सगळं तिथेच ठप्प. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी एकदा कळवळून म्हणाले, “मामा, टाकी गळतेय, त्याचं बोला ना!” “इथे हजार जहाजं खोळंबलीत आणि तुम्हाला टाकीचं पडलंय?” मामा म्हणाले. वारा हवा असेल तर राजाने पोटची मुलगी देवीला बळी द्यावी, असं ज्योतिषाने सांगितलं होतं. इथवर आलं की मामा ताडकन उठायचे. “मी रावांना स्पष्ट सांगितलं, खड्ड्यात गेलं ते ट्रॉय! सगळ्यांना घरी पाठवा!” मग आम्हीही घरी जायचो. ज्याच्या पोटात लपून सैन्य ट्रॉयमध्ये शिरलं, तो लाकडी घोडा आमच्या बिल्डिंगच्या नशिबात नव्हता.

यंदा त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, अश्विनीला, नॉर्वेत नोकरी लागली. तिने जावं असं मामांना वाटत होतं आणि जाऊ नये असंही. दोन्ही एकाच वेळी, मोठ्या आवाजात. “तिकडे वारा फार आहे म्हणे,” ते म्हणाले. “बाबा, विमान वाऱ्यासाठी थांबत नाही.” “म्हणूनच घाई असते मेल्यांना!” निघायच्या दिवशी पासपोर्ट सापडेना. तो निघाला मामांच्या सदऱ्याच्या खिशात. “सांभाळत होतो,” म्हणाले, आणि त्यांनी तो तिच्या हातात दिला.

महिन्याभराने त्यांच्याकडे सत्यनारायण होता. शिरा वाटला गेला आणि मामांनी जहाजं जमवली. आम्ही निवांत टेकून बसलो. तेवढ्यात मामा म्हणाले, “वारा सुटला.”

सेक्रेटरींच्या हातातला द्रोण कलंडला. “अहो, आणि मुलगी?”

“देवीने ऐन वेळी उचलली तिला. तिच्या जागी हरिणी ठेवली. मुलगी समुद्रापार, देवळात कामाला लागली. बरं चाललंय तिचं.” मग मामांनी जे युद्ध सोडलं, ते शिरा निवायच्या आत घोडा आत आणि ट्रॉय जळून खाक.

“परत आली का हो ती?” मामींनी विचारलं.

“आली ना. भाऊ जाऊन घेऊन आला.”

“राजाला किती आनंद झाला असेल!”

“राजा नव्हता गं तोवर.”

मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “जावईबापू, तिकडे आता किती वाजले असतील?”

“दुपारचे दोन.”

“जेवली असेल,” मामा म्हणाले.