मशेरी लावलेली दाढ

मुलगी चार वर्षांची असताना तिची खालची दाढ किडली. आम्ही चिंचोटीजवळच्या गावात राहत होतो. इतक्या लहान मुलांचे दात आम्ही करत नाही, असे सांगून वसईतल्या एका दवाखान्याने परत पाठवले. दुधाची दाढ आहे, पडेलच, असे शेजारी म्हणत. ती पडायला अजून पाच-सहा वर्षे होती आणि मुलगी एकाच बाजूने जेवत होती.

अंगणवाडीत दातांचे शिबिर आले, त्या दिवशी मी रजा घेतली. डॉक्टरबाईंनी मुलीला विचारले, "कुठे दुखतं?"

"कुठंच नाही."

आदल्या दिवशी ती दाढ धरून रडली होती. डॉक्टरांनी टॉर्च लावला. दाढेभोवती सगळे काळे होते. "हे काय लावलंय?"

"मशेरी," माझी आई म्हणाली. "तुमच्यासमोर पोर रडू नये म्हणून सकाळी जरा जास्त चोळली."

"आजी, तंबाखू जाळून करतात ती. लहान मुलाला कशी लावता?"

"याला पन लावायची," आईने माझ्याकडे बोट केले. "झाला ना एवढा?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मुलीला तीनदा चूळ भरायला लावली. मग खड्डा दिसला. थोड्या वेळाने त्यांनी दाढेवर हलकेच टोचून पाहिले, तेव्हा मुलगी जोरात रडली. त्यांनी लगेच सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली.

पुढच्या आठवड्यात दाढ भरून झाली. त्या सकाळी आईने मुलीचे दात नुसत्या पाण्याने धुतले होते.