मैनेची सुनावणी

बाळांनो, आमच्या घरातली शेळी मूलभूत हक्कांमुळे गेली.

तुमचे बाबा तेव्हा आठ महिन्यांचे होते. डब्यातली दूधपावडर पाजली की ती ते लगेच माझ्या पदरावर परत करत. (दिलेलं काही ठेवून घ्यायचं नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचा!) गाईचं दूधही पचेना. शेवटी माझ्या सासूबाईंनी भंडाऱ्याकडच्या गावाहून एक दुभती शेळी आणली, दोन पिल्लांसकट. तिचं नाव मैना. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, आमचं क्वार्टर नवंकोरं होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास होता. मैनेला मागच्या अंगणात बांधलं आणि महिनाभरात तुमच्या बाबांना गाल आले.

आता माझे धाकटे दीर. दुर्गच्या कोर्टात नवे वकील. खटले कमी, मतं भरपूर. दर रविवारी सायकल हाणत आमच्याकडे जेवायला येत आणि नागपूरच्या एका साप्ताहिकासाठी कोर्टाच्या निकालांवर भाष्य लिहीत. म्हणजे ते बोलत, मी लिहून घेई. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. समास आखल्याशिवाय वाण्याची यादीसुद्धा लिहीत नसे.

"वहिनी, लिहा. कारकुनाला न विचारता नोकरीवरून काढलं. हायकोर्टानं त्याला परत घ्यायला लावलं. का? तर माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही! मग समोर साहेब असो की सरकार! भाजीत मीठ कमी आहे."

"हे पण लिहू?"

"नको. ते वैयक्तिक."

अशी वर्षभर मी हक्क लिहून काढले. ते अंगात भिनणारच!

एका सोमवारी दाराच्या फटीतून कारखान्याच्या कचेरीचा छापील कागद आत आला. 'क्वार्टरमध्ये जनावरं ठेवण्यास मनाई आहे. असल्यास हटवावीत.' माझं डोकं तापलं. कोणाचं जनावर? आमचं! आणि आम्हाला न विचारता? कोणत्याही शहाण्या बाईनं त्या कागदानं शेगडी पेटवली असती. मी फूलस्केप काढला.

उत्तर तीन पानी झालं, इंग्रजीत. न्यायाचं तत्त्व, बाळाचं पचन, मग पुन्हा न्यायाचं तत्त्व. सोबत परिशिष्ट अ: शेळीचा रंग, वय, शिंगं. परिशिष्ट ब: अंगणाचा नकाशा, शेळीची जागा फुलीनं दाखवलेली. तीन प्रती केल्या, कचेरीत जाऊन दिल्या आणि एका प्रतीवर पोच घेतली. घरी येऊन समाधानानं चहा प्यायले.

दुपारी तुमचे आजोबा पहिली पाळी संपवून आले.

"ते पत्रक आलं का आपल्याकडे?"

"आलं, आणि उत्तरही गेलं!"

"उत्तर? अगं, ते क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत टाकलंय. कोणाचं नाव तरी आहे का त्याच्यावर?"

मी पाहिलं. नव्हतं. (समास मात्र दोन्हीकडे सारखे होते.)

शेजारच्या बोपचेबाईंकडे दोन शेळ्या आणि सात कोंबड्या होत्या. मी धावतच तिकडे गेले. "बाई, तुम्ही काय उत्तर दिलं?"

"कायचं उत्तर? त्या कागदावर म्या मिरच्या वाळू घातल्या."

आठ दिवसांनी आम्हाला सुनावणीचं बोलावणं आलं. दीर तर नाचायचेच बाकी होते! "वहिनी, त्यांनी तुमचा हक्क मान्य केला!" मे महिन्याच्या उन्हात ते काळा कोट घालून आले. सासूबाईही बाळाला घेऊन आमच्याबरोबर निघाल्या.

कचेरी पत्र्याची होती. साहेब बंगाली, अगदी सौम्य गृहस्थ. त्यांनी माझी परिशिष्टं उलगडली.

"मैडम, ये नक्शा किसने बनाया? बहुत साफ़ है।"

"जी, मैंने," मी म्हणाले. (लाजसुद्धा वाटली नाही, उलट खूश झाले!)

"वहिनी, कबुली!" दीर दातओठ खात कुजबुजले.

"बकरी एक ही है?"

"ऑब्जेक्शन!" दीर उठले. "कोई अपने ख़िलाफ़ गवाही देने को मजबूर नहीं!" मग सासूबाईंकडे वळून, "आई, तू चूप राह्य. तुह्यावर कोणी सक्ती करू शकत नाही."

"मले कोन सक्ती करून राहिलं? मी माह्या मनानंच सांगून राहिले! साहेब, एक कावून? दोन पिल्लं बी हायेत. लय गोड हायेत! न्हाणीत बांधले."

साहेबांनी लिहिलं: तीन.

त्यानंतर दीर पाऊण तास बोलले. व्यक्तीचं स्वातंत्र्य, घराचा उंबरठा, बाळाचा जगण्याचा अधिकार! बाळ झोपलं. शिपाईही झोपला. साहेबांनी मात्र शब्द न् शब्द ऐकला, मधे पंखासुद्धा दिरांकडे वळवला.

"वकील साहब, पूरा सुन लिया। और कुछ?"

"नहीं।"

"तो बकरी आठ दिन में हटा दीजिए।" मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "आप न लिखतीं तो हमें पता भी नहीं चलता, मैडम। बच्चे के लिए अफ़सोस है। पर अब फ़ाइल बन गई है।"

बाहेर येताच दिरांनी कोट काढून झेंड्यासारखा फिरवला. "वहिनी, जिंकलो!"

"अहो, शेळी गेली ना!"

"शेळी गेली, पण तत्त्व राहिलं!"

सासूबाईंनी झोपलेलं बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं. "मंग घे, पाज त्याले तत्त्व. कितीक निघते पाहू दे!"

मैना पिल्लांसकट दोन मैलांवरच्या मरोदा गावात एका ओळखीच्या बाईकडे ठेवली. बाळाला दूध तर हवंच, तेव्हा रोज पहाटे बरणी घेऊन मी मरोद्याला निघायची. दिरांनी या खटल्यावरही भाष्य लिहिलं, त्यात मला 'हक्कांबाबत जागृत गृहिणी' म्हटलं. त्याची स्वच्छ प्रत मीच केली. आणि पहाटे लाइनीतून जाताना अंगणाअंगणातून शेळ्या बें बें करायच्या. त्यांचं म्हणणं कोणीच ऐकून घेतलं नव्हतं, म्हणून त्या मजेत होत्या. न्याय साऱ्या लाइनीत मला एकटीला मिळाला होता, आणि दुधासाठी जाऊन-येऊन चार मैलही मी एकटीच चालत होते!