डावीकडची मोकळी जागा

या गं पोरींनो, अशा जवळ सरका. कुठल्या कुठल्या लोकांचे भुताचे अनुभव रोज वाचता, आणि घरच्या म्हातारीला एकदाही विचारत नाही... शोभतं का? मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. मसणाच्या वाटेने एकटी सरपण घेऊन आलेली. पण हे झालं ते भर दुपारी, अख्ख्या गावादेखत.

गाव रनाळे. राज्य इंग्रजांचं. शाळेच्या मैदानात दरवर्षी शर्यती व्हायच्या. मामलेदारसाहेब यायचे, नि आधी सगळ्या गावाने उभं राहून राष्ट्रगीत म्हणायचं — तेव्हा म्हणजे विलायतेच्या राजाचं, इंग्रजीत! अर्थ कुणालाच कळत नव्हता. मला तर शब्दही येत नव्हते. माझ्या डावीकडे भिलाटीतली, भिल्लांच्या वस्तीतली जमनी उभी असायची, तिला सगळं पाठ, नि पळण्यातही दरवर्षी तीच पहिली. तिचं ऐकून मी म्हणायची, म्हणून माझा शब्द नेहमी मागे.

त्या वर्षी गाणं संपलं, सगळे गप्प झाले, आणि माझा शेवटचा शब्द एकटाच वाजला. लोक खोखो हसले. साहेबही हसले. गुरुजी लालबुंद.

"कोन शे ती?"

मी बोट दाखवलं. "गुर्जी, जमनी शे."

"नही गुर्जी, मी नही..." ती माझ्याकडे बघत होती. माझं नाव मात्र तिने घेतलं नाही.

"पळाना लई माज शे ना तुले?" म्हणत गुरुजींनी छडी ओढली ती तिच्या तळपायांवर. तिची आई पहिल्यांदाच शर्यत बघायला आली होती, कुंपणाशी उभी होती.

जमनी पळाली असती तर मी कुठली जिंकते? पितळी लोटा मला मिळाला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. जमनीचा पाय पिकला. महिनाभरात ती गेली.

पुढच्या वर्षापर्यंत मी गाणं घोकून पाठ केलं. रांगेत डावीकडची जागा मोकळीच होती, तिथे कुणी पोरगी उभी राहीना. गाणं संपलं. मी वेळेवर तोंड मिटलं. आणि... डावीकडून शेवटचा शब्द आला. एकटा. जमनीच्या आवाजात.

लोक हसलेच! गुरुजी धावत आले. "कोन शे ती?" सगळ्या पोरींनी माझ्याकडे बोट केलं.

"नही गुर्जी, मी नही..."

पाय वर करायला लावला. पहिली छडी बसली तेव्हा ओठ मी दातांत धरले होते — आणि तो शब्द पुन्हा आला. आता कुणी हसलं नाही. फक्त जमनीची आई "मन्ही पोर वं!" असं ओरडत त्या मोकळ्या जागेकडे धावली, नि तिथली माती चाचपत बसली.

नातू म्हणतो, आजी, भिंतीचा प्रतिध्वनी असेल. अरे, मैदानाला भिंत कुठे होती, काट्यांचं कुंपण! मला आजवर उलगडा नाही. तो शब्द पहिल्या वर्षी माझा होता, हेही आजच सांगतेय.

पुढे राज्य बदललं, गाणं बदललं. टीव्हीवर मॅचच्या आधी सगळं स्टेडियम गातं, मी घरात उभी राहते... गाणं संपतं, आणि डावीकडून एक शब्द उशिरा येतो. तिने नवं गाणंही पाठ केलंय.

पुढच्या आठवड्यात पणतीच्या शाळेत शर्यती आहेत. मला पाहुणी म्हणून बोलावलंय, नाही म्हणता आलं नाही. त्या दिवशी लवकर या गं कुणीतरी. माझ्या डाव्या हाताला उभ्या राहा.