पावणेदोन युनिट

अकरावी-बारावीच्या पोरांना मी भौतिकशास्त्र शिकवते आणि एककांच्या बाबतीत कुणाची गय करत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरी म्हणजे खरं तर किलोकॅलरी, पुस्तकातल्या कॅलरीच्या हजारपट. हे जो विसरला त्याचा मार्क गेला. पोरं माझ्यामागे मला 'किलो मॅडम' म्हणतात. म्हणोत बापडी.

बाबूजींना, माझ्या वडिलांना, घास गिळता येईना तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज पंधराशे कॅलरी पोटात गेल्या तरच पुढचं औषध झेपेल." मी तिथल्या तिथे हिशेब केला. सुमारे त्रेसष्ट लाख ज्यूल. विजेच्या भाषेत पावणेदोन युनिट. आमचा कूलर दिवसभरात याहून जास्त खातो. मला हायसं वाटलं. एवढंच ना, म्हटलं, एवढं तर मी कसंही करून घालीन.

बाबूजी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये भट्टीवर होते. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी धान वाफवावं लागतं, त्या वाफेसाठी ते जन्मभर भट्टीत धानाचा भुसा टाकत राहिले. "भट्टीले चारून येतो," म्हणूनच घरून निघायचे. आता मी त्यांना चारायला बसले. नुसत्या पेजेने भागेना, म्हणून तिच्यात तूप कालवलं, मग आणखी तूप, मग दुधाची पावडर. ते दोन चमचे घेत आणि तोंड फिरवत. मी चमचा पुढे धरूनच बसे.

"काऊन मागं लागून राहिली, बाई?" एकदा ते म्हणाले. "एकदम भुसा टाकला का आग दबते. निस्ता धूर होते."

"थोडंच राहिलं, बाबूजी."

माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी ते घेतलं. थोड्या वेळाने सगळं उलटून पडलं. मी ओट्याशी जाऊन तेवढे ज्यूल वजा केले आणि नवी पेज चढवली. राग येत होता, त्यांचा नव्हे. पावणेदोन युनिट, आणि तेवढेही जमू नयेत!

नाहीच जमले. उन्हाळा सरायच्या आत बाबूजी गेले.

माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात आणि दहाव्यापर्यंत तो विझू देत नाहीत. आत्याने तेलाची वाटी माझ्या हातात दिली. "इझू नको देऊ," एवढंच म्हणाली. मी चमचाभर तेल ओतलं आणि सवयीने मनात आकडा आलाच. चाळीस किलोकॅलरी. शेवटच्या दिवशी बाबूजींच्या पोटात एवढंही गेलं नव्हतं. दिवा मात्र निमूट घेत होता. मी दुसरा चमचा ओतला, मग तिसरा, मग मोजलंच नाही. वात तेलात बुडाली, ज्योत बारीक झाली आणि धूर निघू लागला.

मी घाईघाईने चमच्याने तेल परत काढायला लागले. तेल पिठात सांडत होतं.

"राहू द्या, बाबूजी," मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले. "नका खाऊ आता."