नववी चिठ्ठी

डॉक्टरांचं अक्षर औषधवाल्याशिवाय कुणाला लागत नाही, हे जगजाहीर. डॉ. दाक्षायणींचं मात्र पहिलीतल्या पोरालाही लागावं असं. अक्कलकोटच्या कन्नड शाळेत मास्तर असलेल्या वडिलांनी पाटीवर गिरवून घेतलेलं ते वळण एकतीस वर्षांच्या वॉर्डातल्या धावपळीतही मोडलं नव्हतं.

सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या इस्पितळात दर दुसऱ्या शनिवारी दुपारी डॉक्टरांचं ऑडिट बसायचं. ते दाक्षायणीबाईंनीच सुरू केलेलं. दगावलेल्या रुग्णांचे केसपेपर निघायचे, रेकॉर्डरूमचा रत्नदीप डॉक्टरांच्या नावांवर कागदी पट्ट्या चिकटवायचा, आणि नऊ डॉक्टर फाइल वाचून बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायचे: हा मृत्यू टळला असता, की नसता. बहुमत वहीत जायचं. पुण्याची एक संस्था फाइली तपासेल, असं ट्रस्टींनी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा बाई कडाडल्या, "आमच्या कामातलं बाहेरच्यांना काय कळतं? आमचं आम्ही तपासतो."

त्या शनिवारी पहिली फाइल निघाली दिपकची. दिपक तिथला सगळ्यांत तरुण डॉक्टर. पट्टी नावावर बसते, अक्षरावर थोडीच बसते? त्याचे कावळ्याचे पाय सगळ्यांनी ओळखले. सहा चिठ्ठ्या निघाल्या 'टळला असता'. ज्येष्ठांनी वर उपदेशही पाजला. दिपकचे कान लाल झाले.

दुसरी फाइल रत्नदीपनं जरा रेंगाळतच टेबलावर ठेवली. पहिल्याच पानावर ते गोल, स्वच्छ अक्षर. मग वाचणाऱ्यांच्या माना ज्या खाली गेल्या, त्या वर येईनात.

माळशिरसचा हणमंत, वय सेहेचाळीस. जेवणानंतर छातीच्या खळगीत जळजळ. ऐंशी पेशंटांची ओपीडी उरकून, पाय भरून आलेल्या बाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं, 'पित्त' लिहिलं, इंजेक्शन सांगितलं आणि घर गाठलं. पित्त नव्हतं ते, हृदय होतं. बोलावणं येऊन बाई धावत परतल्या, पण सहाला तो गेला. त्याची बायको मनकर्णा बाईंचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "बाई, तुमी हुता म्हणून जिवाला आधार हुता. लई केलंत की तुमी." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना गेले तीन आठवडे वाटत होतं.

रत्नदीप चिठ्ठ्या वाचू लागला. "टळला नसता. टळला नसता." आठही तशाच. लिहिणाऱ्यांतले निम्मेअधिक बाईंच्याच हाताखाली शिकलेले. त्यांची माया बाईंना कळत होती, आणि त्या मायेचाच त्यांना वीट आला होता. एक तरी चिठ्ठी वेगळी निघेल, अशी आस धरून त्या बसल्या होत्या.

बाईंनी ती फाइल दिपककडे सरकवली. "दिपक, हणमंतला दुखायला कधी लागलं?"

"दोन दहाला, मॅडम."

"आणि ईसीजी?"

"पाच वीसला."

"तुझ्या फाइलीत उशीर किती होता?"

"चाळीस मिनिटं." तो टेबलाकडे बघत म्हणाला.

बाईंनी नववी चिठ्ठी लिहिली. रत्नदीपनं ती वाचली, "टळला असता." मग वही उघडून तो घुटमळला. "मॅडम, बहुमत तर..."

"नियम माझाच आहे. बहुमत लिही."

त्यानं लिहिलं. बाईंनी कोरा कागद ओढला. ट्रस्टींना दोनच ओळी लिहिल्या: पुण्याच्या लोकांना बोलवा, आणि पहिली फाइल ही द्या. मग नखानं स्वतःच्या नावावरची पट्टी खरवडून काढली.

"मॅडम, एकदा ते आत शिरले की आपल्या हातात काही राहणार नाही," शेजारचे डॉ. गुरुसिद्धप्पा हळूच म्हणाले.

"हातात होतं तेव्हा आपण काय केलं, सर? दिपकला धरलं आणि मला सोडलं."

बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "रत्नदीप, फाइलीत मनकर्णाचा नंबर असेल. मला लिहून दे. ती अजून माझे उपकार मानत बसली आहे."